रेडिएटरची तार

"चालव ना आता, ताई. गुणगुण काय, नंतर पुसता येते," राइमो म्हणाला.

"पुसताना बाबांचा आवाजही घासला जाईल," इर्या म्हणाली.

टेप अजून थांबलेलीच होती, तरी हेडफोनमध्ये जाड घुमणारा आवाज येत होता आणि त्यावर बारीक किरकिर. माउस हलवला की किरकिरही हलायची. चिकट झालेली ती टेप इर्याने सफरचंदं सुकवायच्या यंत्रात शेकून काढली होती. तरी बोटभर फिरवताच तपकिरी भुकटी गळली. आता ती एकदाच नीट वाजेल. घशाच्या ऑपरेशननंतर बाबा शेवटपर्यंत पाटीवर लिहूनच बोलले. त्यांचा आवाज उरला होता तो या टेपवर, एवढाच.

"स्वस्तातला डबा आणलास, भोग!" राइमोने टेपरेकॉर्डरचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवणाऱ्या, मधल्या यूएसबीच्या डब्यावर टिचकी मारली.

इर्याने रेकॉर्डरकडून डब्यात येणारी केबल उपसली. शांत. म्हणजे डबा निर्दोष. ती परत लावून चार्जर काढला. क्षणभर पुन्हा शांत, मग लॅपटॉपही विझला. त्याची बॅटरी तेवढीच टिकायची.

"चार्जर प्लगमधून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेला आहे. रेकॉर्डरही कुठेतरी जोडलेला असणार. दोन वाटा झाल्या की वीज मधल्या केबलमधून फिरत राहते."

"रेकॉर्डरच्या प्लगला तर दोनच पिना आहेत, अर्थिंगची नाहीच."

तिने रेकॉर्डरमागे हात घातला. हिरवी तार. ती थेट खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या पाइपला गेली होती. रेडिओ असो की टोस्टर, शॉक नको म्हणून बाबा घरात आणलेली प्रत्येक वस्तू त्या पाइपला बांधत.

राइमो ताडकन उठला. "ए, ती नको हं. तिला हात लावला म्हणून बाबांची कानाखाली खाल्लीये मी. आणि शॉक बसला तर?"

"केबलमधून चार्जरची वाट आहेच. एक पुरते."

"नक्की?"

ती पाइपापाशी वाकली. स्क्रू रंगात रुतला होता. स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. मग तार सुटली.

चार्जर लावून तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला. इतकं शांत, की हेडफोन बंद पडले की काय, असं तिला वाटलं. तिने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं आणि रेकॉर्डरचं बटण दाबलं. भुकटी गळू लागली. टेपवर कुणीतरी घसा खाकरला.

"इर्या, माइकपासून लांब. राइमो, तूसुद्धा."

राइमोने हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली. "अजून गुणगुण आहे बघ, बारीक."

"ती टेपमध्येच आहे, त्या दिवशीची. राहू दे."

टेप संपेपर्यंत राइमोने तारेचं सुटलेलं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.