चौऱ्याण्णव

हडपसरच्या पुलाखाली हिंदुरावांनी गाडी कडेला घेतली आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्यावर अंगठा ठेवला. थोड्या वेळाने काढला. आकडा एक्क्याण्णवच होता.

विजेवरची ही गाडी एकदा भरली की अडीचशे किलोमीटर जाते. कर्वेनगरहून मांजरीची सासुरवाडी जेमतेम विसावर. तरी दोन वर्षांत हिंदुराव दोनदा इथूनच माघारी फिरले होते. चार्जिंग पुरत नाही, असं ते सासूबाईंना फोनवर सांगत. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय!

पण भीती खोटी नव्हती. करोनात बायकोच्या, विजयमालेच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर असाच आकडा उतरत गेला होता. आताही तो नव्वदच्या खाली आला की मागच्या सीटवर कुणी खोकल्यासारखं वाटे. हिंदुराव आरशात बघत नसत.

आज मात्र सासूबाईंचा, बायडाबाईंचा निरोप होता. माझं आता काही खरं नाही, एकदा येऊन जा.

मांजरीचा ऊस दिसू लागला तेव्हा आकडा एकोणनव्वद झाला. मागे खोकला आला. पण हिंदुरावांनी गाडी थांबवली नाही.

बायडाबाई काठी टेकून गोठ्यापाशी उभ्या होत्या. भिंतीवर विजेचा बोर्ड होता, त्यावर बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर धूळ साचली होती.

“तुमच्या गाडीसाठी बसवून घेतलाय. दोन वर्सं झाली. किती उरलंय?”

“चौऱ्याण्णव.” हिंदुरावांच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीने वाकून पडद्यावर पाहिलं. अठ्ठ्याऐंशी.

“त्या दिशीबी चौऱ्याण्णवच सांगितलं व्हतं, जावईबापू.”

फोनवर तो आकडा ऐकून म्हातारी त्या संध्याकाळी घरीच थांबली होती. पहाटे विजयमाला गेली. आईला लेकीचं तोंडही बघायला मिळालं नाही.

“खरं किती व्हतं?”

“एक्क्याऐंशी, मामी.”

हिंदुरावांना रडू आवरेना. काठी टेकत म्हातारी गाडीच्या मागच्या दाराशी गेली, ते उघडलं आणि रिकाम्या सीटवरून हात फिरवला.

“उतर माले,” ती म्हणाली, “घर आलं.”