डोणीतली दोन संस्थाने

सुभद्रेला माणसांची पारख नव्हती. लग्नाआधी गोपाळरावांना पाहून "फार मितभाषी दिसतात" असे ती आईला म्हणाली होती, यातच सारे आले. पण माशांची पारख मात्र आपल्याला उपजतच आहे, असा तिचा ठाम समज होता.

बाळंतपण आटोपून ती धारहून देवासला परतली, तेव्हा बैलांच्या दमणीत तिच्या मांडीवर तीन महिन्यांची दुर्गा होती आणि पायांशी पाण्याचे मडके. मडक्यात तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दिलेले सहा मासे. दक्षिणेकडच्या कुठल्याशा खाडीतले, बोटाएवढे, हळदीच्या रंगाचे. "निवडून जोडी लाव. पिढीगणिक रंग उजळला पाहिजे," असे त्यांनी बजावले होते.

तिने परसातली दगडी डोण बळकावली. सासूबाईंना सारे अक्का म्हणत. त्या म्हणाल्या, "ती म्हशीची डोण आहे, सूनबाई. अक्षय्यतृतीयेपर्यंत पिल्ले झाली तर तूच नेऊन दे तात्यांना, महिनाभर राहा. नाही झाली तर म्हैस पाणी पिईल आणि तू पापड लाटशील."

महिनाभर माहेर! सुभद्रेने पदर खोचला. देवासात जसे एका गावात दोन राजे, थोरली पाती नि धाकटी पाती, तशी तिने डोणीत मधोमध बांबूचा तट्टा रोवून दोन संस्थाने केली. गोपाळराव थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून, म्हणून थोरलीत दोन राजबिंडे मासे. उरलेले चार, कुणाची शेपटी फाटकी, कुणाच्या अंगावर काजळाएवढा डाग, ते धाकटीत. अंडी चिकटवायला दोन्हीकडे एकेक उपडे कवेलू, म्हणजे छपराचे कौल.

थोरलीतल्या जोडप्याचे तिने मनोमन छत्तीस गुण जुळवले. दुर्गा निजली की ती रांजणातल्या डासांच्या अळ्या फडक्याने गाळी. पहिला घास थोरलीला, उरलासुरला धाकटीला. जोडपे पंख फुलवून एकमेकांभोवती फिरे, तोंडात तोंड घाली. "किती ते प्रेम!" ती म्हणे. आठव्या दिवशी नवरीने नवरदेवाचा पंख तोडला.

गोपाळराव डोणीवर वाकून माशांना म्हणाले, "काय भिया, कुस्ती काय?" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अगं, दोघेही पहिलवान आहेत. तू नवरदेवाला नवरदेवाशीच उजवलंस!" एवढे बोलून ते मितभाषी गृहस्थ कामावर गेले आणि दुपारपर्यंत अख्खे दफ्तर हसत होते.

अक्षय्यतृतीयेला पाच दिवस उरले. सुभद्रा तोंड पाडून तट्टा उपसायला गेली आणि कितीतरी दिवसांनी धाकटीत नीट डोकावली. कवेलूपाशी फाटकी शेपटी आणि काजळडाग, दोघे पहारा देत होते, आणि त्यांच्या अंगाला पापणीच्या केसांएवढी पिल्ले लुचत होती.

"अक्का! झाली!"

अक्का येऊन उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, बापसुद्धा अंगावर पाजतो! बांध बोचकं. परवा दमणी सांगते."

सुभद्रेने हर्षभराने मडके पाण्यात बुडवले. फाटकी शेपटी त्यावर तुटून पडली, मागे फिरली आणि तिने दोन पिल्ले तोंडात घेतली. घाबरले की आपलीच पिल्ले गिळतात, असे तात्या म्हणाले होते. सुभद्रेने झटकन मडके काढले. पिल्ले पुन्हा बाहेर आली.

"महिनाभर हलवता यायची नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मग राहू देत. तू तर जा."

"अळ्या कोण गाळील? तुम्ही?"

"मी? शिव शिव!"

"मग ज्येष्ठात जाईन."

"माहेर नको म्हणणारी पहिलीच सून पाहिली," अक्का उठत पुटपुटल्या. "आता म्हशीला बादलीतच पाजते."

घरात दुर्गा रडू लागली. तिला पदराखाली घेताना सुभद्रेचे लक्ष तिच्या गालावरच्या तिटेकडे गेले. रोज सकाळी हौसेने काजळाचा डाग लावणारी हीच बाई डागासाठी मासा नापास करते! तिला इतके हसू आले की दुर्गेने दूध सोडून वर पाहिले.

तात्यांना तिने पत्र लिहिले: "पिल्ले झाली. जोडी मी निवडली."

दुसरे वाक्य तिने खोडले. पण तात्यांना वाचता येईल इतपतच खोडले.