हलक्या आवाजाची बंदूक

मुलांनो, समजा तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि तुम्हाला बंदूक हवी आहे. माणसं मारायची नव्हे, छऱ्यांची. घरामागे परस आहे, पुठ्ठ्यावर गोल काढून तयार आहेत. अडचण एकच. कुंपणापलीकडे कुणीतरी दिवसा झोपतं. आता सांगा, कोणती बंदूक घ्याल?

बोरिवलीच्या नलिनीपुढे नेमका हाच प्रश्न होता. सन पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा तिथे बैठी घरं होती, परसात नारळ, आणि दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण. पलीकडे जानकीकाकू राहत. त्यांचे यजमान वारले तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि प्रसूतिगृहात काम धरलं. बहुतेक रात्रपाळी असे, म्हणून त्या दुपारी झोपत.

"काकूंची झोप मोडली तर बंदूक त्याच दिवशी परत," नलिनीच्या वडिलांनी, विद्याधररावांनी बजावलं होतं. "आणि नेम पुठ्ठ्यावर. जिवंत कशावरही नाही."

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात नलिनीचा हात आधी गेला तो लांब, चकचकीत बंदुकीवर. दुकानदाराने नळी वाकवली, मिटली आणि चाप ओढला. "एकदम पावरफुल, बेबी!" एवढा फटाक आवाज झाला की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं.

"ही नको," नलिनी म्हणाली. पण हात काही सुटेना.

छऱ्यांच्या बंदुकीत दारू नसते. आत स्प्रिंग असते. ती सुटली की दट्ट्या हवेला ढकलतो आणि हवा छऱ्याला. स्प्रिंग जितकी कडक, तितका दणका मोठा, आणि बहुधा किंमतही. पुठ्ठा परसाच्या टोकाला, मग एवढा जोर हवा कशाला? विद्याधररावांनी घासलेल्या दस्त्याची, नरम स्प्रिंगची एक जुनी बंदूक उचलली.

"साहेब, ये तो बच्चों का खिलौना है!"

"मग बरोबर. मोठ्या माणसाला कुठे घ्यायचीय?" विद्याधरराव म्हणाले.

घरी आल्यावर कळलं की निम्मा आवाज बंदुकीचा नसतोच, छरा जिथे आदळतो तिथला असतो. पुठ्ठ्यामागे टेकूला ठेवलेला पत्र्याचा डबा काढून त्यांनी तिथे चिंध्या आणि भुसा भरलेलं पोतं लावलं. मग उशीवर थाप मारावी एवढाच आवाज उरला.

"काकू, दुपारी झोप लागते ना?" एकदा नलिनीने कुंपणावरून विचारलंच.

"अगं, हल्ली तर झकास लागते. मेले कावळेसुद्धा ओरडत नाहीत."

बंदूक आलीय हे काकूंच्या गावीही नव्हतं. नलिनी खूश झाली.

आणि मग काकूंच्या यजमानांचं वर्षश्राद्ध आलं. त्या दिवशी पान वाढून परसात ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा पानाला शिवला की गेलेलं माणूस तृप्त झालं असं मानतात, मगच घरचे जेवतात. कावळा येईना, तर त्या माणसाची काही इच्छा राहिली म्हणायचं आणि हात जोडून एकेक वचन द्यायचं.

नलिनीच्या आई, शुभाताई, सकाळपासून तिकडे मदतीला होत्या. मालवणहून काकूंचे दीर दशरथभाऊजी आले होते. ऊन चढलं. पानातला भात सुकायला लागला. काकू रात्रपाळी करून आलेल्या, डोळे लाल झालेले, पण बसायला तयार नव्हत्या.

"दादाक वडे आवडत. आणखी दोन वाढा," दशरथभाऊजी म्हणाले.

वडे वाढले. कावळा नाही.

"तुमची सायकल मी विकणार नाही हो," काकू आभाळाकडे बघून म्हणाल्या. "तुमच्या आईंना अंतर देणार नाही." तरी कावळा नाही.

इकडे नलिनीला एका जागी बसवत नव्हतं. आज कुणाचं लक्ष नाही, एक छरा मारून घ्यावा, म्हणून ती बंदूक घेऊन मागच्या दारात आली. पलीकडच्या माडावर उतरू पाहणारे कावळे काव काव करत उडाले. ती आत गेली. थोड्या वेळाने रिकाम्या हाताने बाहेर आली, तर कावळे माडावर परत आले होते, पण खाली पानाकडे उतरत नव्हते. पुन्हा बंदूक घेऊन आली. पुन्हा सगळे उडाले.

आवाज त्यांना ऐकू येत होता की नाही, कोण जाणे. पण कावळ्याला डोळे असतात. तिने एकाही कावळ्यावर नेम धरला नव्हता, पण ते कावळ्यांना कुणी सांगितलं होतं?

"वहिनी, सायकल कसली घेऊन बसलास?" पलीकडून दशरथभाऊजींचा आवाज आला. "दादाच्या मनातला तुमका ठाऊक आसा. घरातली बाई रात्रीची भायर! नोकरी सोडतंय म्हणा, मगे बघा."

"भाऊजी, ते असते तर असं म्हणाले नसते."

"मग कावळो कित्याक येणा नाय?"

मागे कुणाचं तरी लहान मूल भुकेने किरकिरत होतं. "म्हणून टाक गं, जानकी," कुणी बाई म्हणाली. "त्यांच्यापेक्षा का नोकरी मोठी?" काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि हात जोडले. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन, ते परत थोडंच घेता येतं!

सांगितलं तर बंदूक जाणार. नलिनीला ते पक्कं ठाऊक होतं. नुसतं सांगून दशरथभाऊजी ऐकणार नाहीत, हेही ठाऊक होतं. काकूंचे ओठ हलले, तशी ती बंदूक घेऊन मेंदीतून घुसली. फ्रॉक टरकला.

"काकू, थांबा! माडाकडे बघा!"

तिने नळी जमिनीकडेच ठेवून बंदूक नुसती पुढे धरली. माडावरचे सगळे कावळे एकदम कलकलत उडाले.

"काका रागावलेले नाहीत. कावळे हिला भितात. मी रोज दुपारी खेळते, तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

"नलू!" शुभाताई ओरडल्या.

"खोटा बोलता चेडू," दशरथभाऊजी नलिनीकडे बोट दाखवत म्हणाले, पण त्यांची मान अजून वरच होती. काकूंनी जोडलेले हात हळूहळू सोडले. एकदा बंदुकीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या माडाकडे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नोकरीचं मी काही बोलणार नाही. आपण वाट बघू."

आणि नलिनीने काय केलं? बंदूक घरात लपवली, तर कावळ्यांना कसं कळणार ती गेली म्हणून? तिने ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली, कावळ्यांना दिसेल अशी, आणि फाटक्या फ्रॉकची पर्वा न करता फाटकातून बाहेर पडली. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध, ती शेतांच्या दिशेने चालत राहिली. मागे वळून न पाहता.