झाकणाआडची ठकठक

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो. माझी चोच तुटली आहे आणि दांड्याला चीर गेली आहे. तरी मला खिळे ठोकणाऱ्यांत मोजू नका. मी जहाजे बांधली आहेत.

वेल्डरने दोन पत्रे जोडले की जोडावर खपली धरते. ती ठोकून काढणे हे माझे काम. जहाज काही एकसंध घडवत नाहीत. आधी खोलीएवढे तुकडे करतात, तेही बरेचदा उलटे. कारण डोक्याच्या वर हात उंचावून जोडण्यापेक्षा पायाशी जोडणे सोपे. मग क्रेन ते सुलटे करून गोदीत एकाला एक भिडवते.

एवढे अवाढव्य कशाला? मलाही वाटायचे, उगाच बडेजाव! पण दुप्पट माल नेणाऱ्या जहाजाला दुप्पट तेल लागत नाही, की दुप्पट खलाशी लागत नाहीत. मात्र त्याच्या पोटात माणूस हरवला तर पत्ता लागत नाही. तळाशी तर बंद टाक्या असतात आणि आत जायला अंग चोरून शिरावे असे एकच भोक. म्हणून आमच्याकडे रिवाज होता, की आत जाताना भोकाजवळच्या आकड्याला आपला बिल्ला अडकवायचा आणि बाहेर येताना काढायचा. आकडा रिकामा दिसला की झाकण लागे.

माझा मालक आणि त्याचे सासरे, दोघेही वेल्डर. एके सकाळी मालक म्हणाला, "मामा, तुमचा जोड वाकडा आलाय." झाले! मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोघे एकाच टाकीत, पण तोंडाला कुलूप. काम संपल्यावर मामा बाहेर आले. जावई मात्र टाकीतल्या पत्र्याच्या आडोशापलीकडे आपले जोड चाचपत मागे राहिला होता. तो रागाने पुढे गेला आणि बिल्ला विसरला, असे समजून मामांनी मायेपोटी त्याचाही बिल्ला खिशात घातला.

झाकण लागले, नट आवळले गेले. जेवणानंतर गळती तपासायला टाकीत पाणी सोडणार होते. मालक मला पत्र्यावर बडवू लागला. बाहेर शेकडो हातोडे वाजत होते. आमचे कोण ऐकणार? मी फार घाबरलो होतो. माझी चोच तुटली, तरी तो थांबला नाही.

जेवणाचा भोंगा झाला आणि गोदी शांत झाली. मामांनी डबा उघडला, शेजारची जावयाची जागा रिकामी पाहिली आणि ते तसेच उठून धावले. टाकीपाशी येताच त्यांना आमची ठकठक ऐकू आली.

झाकण काढून त्यांनी जावयाला वर ओढले. "अरे, मला वाटलं तू रुसून पुढे गेलास!"

"मामा, एक हाक तरी मारायची!"

"बोलत नव्हतो ना आपण," मामा म्हणाले आणि तिथेच बसून ढसाढसा रडले.

तेव्हापासून दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायला सख्ख्या बापालाही बंदी झाली. मी निकामी ठरलो आणि अडगळीत गंज खात पडलो. मला तेल लावा, असे माझे मागणे नाही. मित्रांनो, भांडा, खुशाल अबोला धरा. पण दार लावण्याआधी तो अबोला मोडून आत एक हाक मारा.