दादाचा कोरा बायोडेटा

सौमित्रदादाचं लग्न अडलं एका पांढऱ्या चौकोनामुळे.

म्हणजे असं. इथे सिंगापूरला आमच्या मराठी मंडळाची वधूवरांची वेबसाइट आहे. बायोडेटाची पीडीएफ तिथे चढवली की पानावरच दिसते. सगळ्यांची दिसते. दादाच्या नावाखाली मात्र नुसता पांढरा चौकोन. आणि पलीकडच्या बिशान भागातून निशिगंधाच्या आईचा बाबांना फोन, "संजीवराव, सहा वाजता आम्ही भेटायच्या मुलांची नावं नक्की करतोय. तुमच्या मुलाचं पान कोरंच आहे हो."

दिवाळीच्या कार्यक्रमात दादाने एक चकली मागितली आणि निशिगंधाने दोन वाढल्या. तेव्हापासून हा येडा एकटाच हसतो.

पाच वाजून गेले होते, आम्ही तिघं घरी लॅपटॉपभोवती. दादा रॅफल्स प्लेसला एका बँकेत सॉफ्टवेअर मॅनेजर. त्याने कॅशे साफ केला, ब्राउझर बदलला, पीडीएफ लहान करून परत चढवली. चौकोन पांढराच.

"माझ्या लॅपटॉपवर तर उघडते," दादा म्हणाला.

"मग लॅपटॉपशीच लग्न कर."

"अनु, तू गप. तुला यातलं काय कळतं?"

सटकलीच माझी. मी शाळा मध्येच सोडली म्हणजे काय डोळे तिथे जमा करून आले? लॅपटॉप ओढला.

"अगं, चहा सांडेल!" बाबा ओरडले.

चौकोनावर राइट क्लिक केलं, फ्रेम नव्या टॅबमध्ये उघडली. तिथे चक्क लिहिलेलं: 'सौमित्र बायोडेटा टॅम्पिनीस' ही फाइल सापडली नाही. आणि आमच्या फाइलचं नाव होतं 'सौमित्र बायोडेटा टॅम्पिनीस #08-114'.

"हे नाव कुणी दिलं?"

"मी," बाबा छाती काढून म्हणाले. "नुसतं टॅम्पिनीस, एवढं वस्तीचं नाव लिहून पोचेल का? मजला नको? दार नको?"

बाबा मंडळात दिलेल्या डब्याच्या झाकणावरपण घर नंबर लिहितात.

"बाबा, हे पोस्टमनला द्यायचं नाहीये! मजल्याच्या आधी आपण हॅश लिहितो ना, तोच नडलाय. वेबच्या पत्त्यात हॅश आला की ब्राउझर त्याच्या पुढचं सर्व्हरला पाठवतच नाही. तो बिचारा अर्ध्याच नावाची फाइल शोधतोय."

दादाचा आ वासलेला.

"तुझ्या बायोडेटात लिहिलंय, कॉम्प्युटरच्या अडचणी चुटकीसरशी सोडवतो," मी म्हटलं.

"ते बाबांनी लिहिलंय!"

नाव बदललं. नुसतं saumitra.

"निदान मजला तरी..."

"बाबा, नाही म्हणजे नाही, ला!" मी इथला सिंगापुरी 'ला' लावून ठणकावलं.

पाच सत्तावन्नला चौकोनात दादा उगवला. टाय लावलेला, एक डोळा अर्धा मिटलेला.

सहा वाजून गेल्यावर साइटवर निशिगंधाचा मेसेज आला. 'दिसला बायोडेटा. काय झालं होतं?'

दादाने टाइप केलं, 'छोटा टेक्निकल इश्यू, मी सोडवला.' मी नुसती बघत राहिले. त्याने ते खोडलं आणि लिहिलं, 'बाबांनी घोळ घातला, बहिणीने निस्तरला. मी कॅशे साफ केला.'

उत्तर येईना. दादा नखं खायला लागला. बाबांनी चष्मा पुसला, परत पुसला.

मग आलं. 'चला, घरात साफसफाई करणारं कुणीतरी आहे. शनिवारी कॉफीला ये.'

तो मेसेज दादाने मला तीनदा वाचून दाखवायला लावला. चौथ्यांदा मी लॅपटॉपच मिटला.