शंभर झाले की येते

मेहकर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस रिटायर झाला म्हणून काय लगेच सुधारतो? सुलतानपूरचे गुलाबराव लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले तरी तोंडातून ‘पुढे सरका, पुढे सरका’च निघायचं. मग त्यांची बायको शालूबाई कपाळावर हात मारून घ्यायची. “अहो, हे लोक जेवाले बसले, उभ्यानं जालन्याले नाही चालले!”

नोकरीत माणूस भलता कडक. कालचं तिकीट दाखवून आज बसू पाहणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही. खुद्द शालूबाईच्या भावाला त्यांनी असाच बिबीच्या थांब्यावर भर उन्हात खाली उतरवला होता. मेव्हणा त्यानंतर तीन वर्षं घरी आला नाही. “नियम म्हणजे नियम,” एवढंच त्यावर गुलाबराव म्हणायचे, आणि शालूबाई त्या दिवशी भाजीत मीठ टाकायचं विसरायची.

असा हा माणूस दर रविवारी सकाळी फाट्यावरच्या निंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसे. तिथं मोबाइलला रेंज चांगली. चष्मा पुसायचा, फोन काढायचा आणि ‘चढाई कट्टा’ नावाचा ग्रुप उघडायचा.

या ग्रुपात तीनशे माणसं, बहुतेक पुण्याकडची. ध्यास एकच, शंभर किल्ले चढायचे. माथ्यावर पोचल्याचा फोटो टाकला की कुलदीप नावाचा ॲडमिन तुमच्या नावापुढं हिरवी खूण करणार. अर्ध्यातून परतलात तर खूण नाही, मग वाटेत तुम्हाला वाघ का दिसलेला असेना. त्या तीनशेत गुलाबरावांची एकुलती एक पोरगी होती, प्रेरणा. पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिनंच बापाला ग्रुपात घेतलं होतं. “फोटो सगळे यातच असतात बाबा, पाहत जा.”

बाबा पाहायचे, आणि लिहायचेही. पोरगी साल्हेरच्या माथ्यावर ढगात उभी, खाली लोकांचं ‘कडक’, ‘जबरदस्त’ चाललेलं, आणि त्यातच गुलाबराव विचारायचे, ‘डबा काय नेला होता?’ शेवटी लिहायचे, ‘टण् टण्.’ म्हणजे डबल बेल. एक बेल दिली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोन दिल्या की सोडतो, हे त्यांनी सगळ्या ग्रुपाला शिकवलं होतं. पोरं आधी हसली, मग त्या बेललाच चटावली. काकांची डबल बेल आल्याशिवाय कोणाला किल्ला पुरा झाल्यासारखा वाटेना.

आता खरं सांगतो. गुलाबरावांना किल्ल्यांशी काडीचं घेणंदेणं नव्हतं. सव्वा वर्षापूर्वी दिवाळी करून परत जाताना प्रेरणा एसटीच्या खिडकीतून म्हणाली होती, “शंभर झाले की येते, बाबा. मग चांगली पंधरा दिवस राहीन. निवांत हुरडा खाईन.” तेव्हा तिचे अठ्ठावीस किल्ले झाले होते.

कंडक्टरच्या डोक्यात हे वाक्य पक्कं बसलं. सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना. एकेक थांबा मागं पडला की गाडी शेवटच्या थांब्याला लागतेच. मधे पंक्चर होईल, रेडिएटर तापेल, पण लागते. तसंच हे. एकेक किल्ला मागं पडतो आहे, पोरगी एकेक थांबा घराजवळ येते आहे. त्यानंतर तिचा प्रत्येक रविवार डोंगरात जायला लागला. घरी फोन यायचा तो दोन मिनिटांचा, तोही “बाबा, रेंज जाईल आता” असा. गुलाबराव मात्र फाट्यावर बसून मनातल्या मनात म्हणायचे, आज एक्कावन्न. आज चौसष्ट. आली, आली.

“तिले सरळ इचारा ना,” शालूबाई म्हणायची. “घरी कधी येतं म्हणून इचाराले काय पैसे पडतात?”

“तिच्या मनानं येईन ते. आपुन काऊन पायात पाय घालायचा?”

“पायात पाय! माय-बाप इचारतेत त्याले पायात पाय म्हणतेत काय?”

पोरगी पहिल्यांदा पुण्याला निघाली तेव्हा सगळ्या गाडीच्या देखत गुलाबराव तिला म्हणाले होते, “जाय, मांगं पाहू नको.” आता त्याच तोंडानं ‘ये’ कसं म्हणायचं? जीभ रेटत नव्हती. रेटत नव्हती म्हणून आठवण काही कमी होत नव्हती. तिच्या खोलीतला पंखा ते अधूनमधून उगाच चालू करून पाहायचे. यंदा सगळ्या शेतात तूर आणि हरभरा असताना धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेनं त्यांनी चार ओळी ज्वारी पेरली, फक्त तिच्या हुरड्यासाठी. गेल्या वर्षीही पेरली होती. ती निबर होऊन गेली, पाखरांनी खाल्ली.

ग्रुपात धम्मरत्न नावाचा एक गडी होता. मूळचा मोताळ्याचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, पुण्यात प्रयोगशाळेत नोकरीला. हा बुवा दोन वर्षं झाली, दर रविवारी एकाच टेकडीवर जायचा. कधी माथ्यापर्यंत, कधी अर्ध्यातून परत. फोटो काय टाकायचा, तर मुंग्यांचं वारूळ! लिहायचा, ‘आज वर गेलो नाही. पांगाऱ्याखाली बसलो, पोपट आले होते.’ कुलदीप लिहायचा, ‘हे मोजता येणार नाही.’ तो लिहायचा, ‘मग नका मोजू.’ झालं! लगेच ग्रुपात दोन तट पडायचे. एक म्हणायचे, ध्येय नसेल तर डोंगरात जायचंच कशाला? दुसरे म्हणायचे, यादीच संपवायची असेल तर किराणा दुकानात जा की!

आणि या भांडणात यादीवाल्यांचा सेनापती कोण? तर गुलाबराव. जन्मात एक किल्ला न चढलेला माणूस निंबाखाली बसून धम्मरत्नाला झाडायचा. ‘एकाच थांब्यावर गाडी उभी ठेवून कोणी गावाला पोचत नसते. पुढे सरका!’ कोणीतरी लिहिलं, काका उंटावरून शेळ्या हाकतात. गुलाबरावांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना फक्त यादी संपायला हवी होती. यादीवर कोणी शंका घेतली, पोरीचा पाय जरा ढिला पडला, की शंभर लांबणार, आणि शंभर लांबले की पोरगी लांबणार. साधा हिशेब होता.

धम्मरत्नाचा राग यायला आणखी एक कारण होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. प्रेरणा सहा वर्षांची असताना त्यांनी तिला लोणारला नेलं होतं. सुटी एकच दिवसाची. काठावरून खाली सरोवरापर्यंत उतरायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, दुपारच्या गाडीनं परत. पण पोरगी दहा पावलं उतरली की बसायची. चिंच सापडली, बसली. मोराचं पीस सापडलं, पुन्हा बसली. “बाबा, इथंच बसू ना!” “चाल वं, पुढे सरक, गाडी जाईन,” करत त्यांनी शेवटी तिला खांद्यावर टाकलं, देवीला हात जोडले आणि गाडी गाठली. पोरगी वाटभर मागं पाहत रडत होती. तिचं पीस वाटेत पडलं होतं, आणि गुलाबराव त्यासाठी थांबले नव्हते. धम्मरत्नाचं वारूळ पाहिलं की त्यांना ते पीस आठवायचं, आणि मग ते त्याला जास्तच जोरात झाडायचे.

दिवाळीच्या आधी प्रेरणाचे ऐंशी झाले. फोटोखाली तिनं लिहिलं, ‘पाय बोलायला लागलेत. वाटतंय आता महिनाभर थांबावं.’ धम्मरत्नानं लगेच लिहिलं, ‘थांब गं. डोंगर कुठं पळून जात नाहीत.’ गुलाबरावांनी बोटांवर हिशेब केला. महिनाभर! म्हणजे हुरडा पुन्हा हुकणार. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, ‘थांबायचं नाही!! वीसच तर राहिले. शेवटच्या टप्प्यात कोणी गाडी उभी करते काय? टण् टण्. टण् टण्.’ प्रेरणानं त्यावर नुसता अंगठा दाखवला. दिवाळीला ती आली नाही. पण त्यानंतर शनिवारी एक आणि रविवारी एक, असा तिनं धडाका लावला. पाहिलं? गुलाबराव स्वतःवरच खूश झाले. फराळाच्या डब्यात तिच्या वाटणीच्या करंज्या शालूबाईनं झाकून ठेवल्या होत्या, त्या शेवटी गाईला घातल्या.

संक्रांत झाली आणि शंभराचा रविवार आला. ज्वारीची कणसं नेमकी हुरड्यावर आली होती. त्या दिवशी गुलाबरावांनी शालूबाईलाही ओट्यावर नेलं. तिनं जाताना ठेवणीतलं लुगडं नेसलं, जणू पोरगी फोनमधूनच बाहेर उतरणार होती.

साडेदहाला व्हिडिओ आला. पोरगी माथ्यावर उभी, वाऱ्यानं केस तोंडावर, गाल रापलेले, गळ्याखालची हाडं दिसायला लागलेली. “किती सुकली वं माही बाई,” शालूबाई पदर तोंडाशी नेत म्हणाली. प्रेरणा बोलायला लागली, अगदी पुण्याचं शुद्ध.

“हा शंभरावा किल्ला माझ्या बाबांचा. खरं सांगू? मी ऐंशीलाच थांबणार होते. खूप दमले होते. दिवाळीत घरी जायचं, महिनाभर घरूनच काम करायचं, असं ठरलं होतं. एसटीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. पण बाबांनी लिहिलं, थांबायचं नाही. म्हटलं, बाबांचं एवढं स्वप्न आहे तर घरी काय, नंतरही जाता येईल. सो, बाबा, हे तुमचे शंभर. आणि आता दोनशे!”

मागं पोरांनी आरोळी ठोकली. व्हिडिओ संपला.

गुलाबराव बसले ते बसलेच. शालूबाई त्यांच्याकडे पाहत होती. तिला लिहायला वाचायला फारसं येत नव्हतं, पण ऐकायला सगळं आलं होतं.

“तिकीट काढलं होतं तिनं,” ती म्हणाली. “महिनाभरासाठी येणार होती. तुमी काय लिवलं होतं?”

“थांबू नको म्हणून लिवलं.”

“कायले?”

“लवकर यावं म्हणून.”

शालूबाई तोंड फिरवून रस्त्याकडं पाहू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जालन्याकडं जाणारी गाडी फाट्यावर थांबली, चार माणसं उतरली, दोन चढली, आतून टण् टण् झालं आणि गाडी गेली. जन्मभर ऐकलेला आवाज, पण आज तो ऐकून गुलाबरावांनी मान खाली घातली. आपल्या हातानं आपली पोरगी आपण गाडीत बसवून पुढं पाठवत राहिलो, अठ्ठावीसपासून शंभरपर्यंत, दर रविवारी.

ग्रुपात अभिनंदनाचा पूर आला होता. त्यात कुलदीप लिहीत होता, ‘गुलाबराव काकांना मानाचा मुजरा! असा बाप सगळ्यांना मिळो. काका, दोनशेसाठी डबल बेल होऊन जाऊ द्या!’ खाली पन्नास जणांनी तेच लिहिलं. डबल बेल, डबल बेल. तीनशे माणसं त्यांच्या दोन घंटांसाठी थांबली होती.

गुलाबरावांनी चष्मा पुसला. फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं.

‘टण्.’

‘काका, एक राहिली,’ कोणीतरी लगेच लिहिलं.

‘एकच आहे,’ गुलाबरावांनी लिहिलं. ‘गाडी थांबवा. प्रेरणा, घरी कधी येते?’

अभिनंदन थांबलं, अंगठे थांबले. गुलाबरावांना वाटलं, आपण चारचौघांत पोरीचा पाणउतारा केला. एवढ्या आनंदाच्या वेळी घरचं गाऱ्हाणं गायलं. पुसून टाकावं काय? पण कसं पुसतात ते त्यांना येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं पोरीचं उत्तर आलं. तीनशे जणांसमोर, पुण्याची भाषा बाजूला ठेवून.

‘बाबा, मले वाटलं तुमाले किल्लेच पाहिजे. तुमी मले कधी ये म्हटलंच नाही.’

शालूबाई विचारत होती, “काय म्हणते? काय लिवलं तिनं?” गुलाबरावांना वाचून दाखवता येईना. भरल्या गाडीत मागच्या शिटापर्यंत पोचणारा आवाज, पण शेजारी बसलेल्या बायकोपर्यंत पोचेना. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

‘दिवाळीचं तिकीट अजून पर्समध्येच आहे. जुनं तिकीट चालते काय?’

एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला चालवून घेतलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याला नाही, फौजदाराला नाही, रडणाऱ्या म्हातारीलाही नाही. गुलाबरावांनी बाहीनं डोळे पुसले आणि लिहिलं, ‘चालते.’