पंचेचाळीस ग्रॅम

“चाचा, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. आता फ्रिजमधी गॅस जल्दी भरा की!” सुमेधा दारातच उभी होती. तिच्या आईच्या इन्सुलिनच्या कुप्या सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवल्या होत्या, आणि आष्टीत ऊन मी म्हणत होतं.

फकरोद्दीन फ्रिजमागं बसून उगाच पाना उचलत होता, ठेवत होता. तीस वर्षं त्यानं हाताच्या अंदाजानं गॅस भरला. थोडा सोडायचा, मागच्या पाइपला बोटं लावायची, गारवा पटला की बंद. वजनकाट्यावर गॅस मोजणाऱ्या नव्या मेकॅनिकांना तो ‘किराणावाले’ म्हणायचा. पण वर्षभरापासून शुगरनं बोटं बधिर झाली होती. बायकोला, फरहानालासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं. गावाला कळलं तर कोण बोलावणार, या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

मघाशी त्यानं असाच भरला. अर्ध्या तासानंही आत थंडावा नाही, मागचा पाइप मात्र बर्फानं पांढरा. गॅस जास्त झाला होता; बोटांना काहीच कळलं नव्हतं, आणि तो बर्फही सुमेधानं दाखवला तेव्हा त्याला दिसला. लाज वाटली. नळी अंगणात काढून सगळा गॅस सोडावा लागला, पंप लावून पाइप पुन्हा रिकामे करावे लागले.

आता पिशवीत गॅसचे दोन डबे होते. एक जुना, एकशे चौतीस नंबरचा, त्याच्या सवयीचा. दुसरा नवा, सहाशे नंबरचा, मघाशी भरलेला. पेटणारा, जरासाच लागणारा, जरा चुकलं तरी रुसणारा. फ्रिजमागच्या माहितीपट्टीवर सहाशेच लिहिला होता.

“तो जुनाच भरा ना. हा पेटतो म्हणतेत,” सुमेधा म्हणाली.

फकरोद्दीनचा हात जुन्या डब्यावर गेलाही.

“जुना आज चालंल, ताई.” तो घुटमळला. “पर दोन-चार महिन्यांत कॉम्प्रेसर बसंल. ह्याला हाच लागतो. बराबर पंचेचाळीस ग्रॅम.”

“मंग मघाशी किती भरला?”

त्यानं जुना डबा पिशवीत परत सरकवला. मग हळूच म्हणाला, “घरात काटा हाय का?”

केकसाठी घेतलेला छोटा काटा निघाला. डबा वर ठेवून त्यानं आकडा शून्यावर आणला. सुमेधा वाचू लागली, “दहा गेले... तीस... चाळीस... पंचेचाळीस!” त्यानं डब्याची चावी बंद केली.

दहा मिनिटं फ्रिज घुमत राहिला.

“ताई, पाइपला हात लावून सांगा. कसा हाय?”

“तुम्हीच बघा ना, चाचा.”

“मला कळून न्हाई राह्यलं.”

सुमेधानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग वाकून पाइपला हात लावला. “गार हाय. बर्फ न्हाई.”

त्यानं मान हलवली. तिच्या हाताशेजारी आपली बोटं पाइपवर टेकवली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.